लेबिओबार्बस: आफ्रिकेतील मोठे बार्ब मासे आणि जातींचा प्रश्न

आफ्रिका खंडात उत्तरेला नाईल, पश्चिमेला नायजर, मध्यभागी काँगो आणि दक्षिणेला झांबेझी व ऑरेंज अशा परस्परांपासून दूर असलेल्या नद्यांत कार्प कुळातील मोठ्या माशांचा एक समूह आढळतो आणि आज तो लेबिओबार्बस या वंशनामाने ओळखला जातो. यांतील अनेक जाती हातभर लांब होतात, तर काहींचे वजन वीस किलोग्रॅमच्या पुढे जाते. ओठांच्या टोकाशी आणि तोंडाच्या कोपऱ्यांत असणाऱ्या मिशांमुळे अशा माशांना बार्ब म्हणतात. तळाच्या गढूळ पाण्यात अन्न चाचपण्यासाठी आणि त्याची चव घेण्यासाठी या मिशा उपयोगी पडतात. युरोप, आशिया व आफ्रिका या तिन्ही खंडांतील मिशाळ कार्पमासे पूर्वी बार्बस या एकाच वंशात घातले जात. त्यामुळे शेकडो जातींचे हे गाठोडे इतके फुगले की त्यातील सदस्यांचे परस्परांशी नेमके नाते काय, हे नावावरून कळण्याची सोय उरली नाही. आफ्रिकेतील मोठ्या बार्बांचा अभ्यास म्हणजे एका अर्थी हे गाठोडे सोडवण्याचा इतिहास आहे. या माशांच्या जाती किती, हा त्यातील कळीचा प्रश्न दिसायला केवळ वर्गीकरणाचा असला, तरी नद्यांत आणि मासळीबाजारांत या माशांचे काय होणार हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरत आले आहे.

या समूहाची मानवाशी ओळख फार जुनी आहे. नाईलमधील मोठ्या बार्बाला इजिप्तमध्ये बिन्नी म्हणतात. प्राचीन ग्रीक लेखकांनी लेपिडोटोस, म्हणजे खवल्यांचा मासा, या नावाने ज्याचा उल्लेख केला तो हाच मासा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हा मासा नाईलचा पवित्र मासा असल्याचे हेरोडोटसने नोंदवले आहे, तर ओसायरिस देवाच्या शरीराचा एक अवयव गिळणाऱ्या तीन माशांत प्लुटार्कने त्याला गणले आहे. वरच्या इजिप्तमधील एका नगराला ग्रीकांनी त्याच्याच नावावरून लेपिडोटोन्पोलिस असे नाव दिले होते. आधुनिक प्राणिशास्त्रात या माशाचे पहिले वर्णन पीटर फोर्स्काल या निसर्गशास्त्रज्ञाने केले. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या अरबस्तान मोहिमेत फोर्स्काल १७६३ मध्ये येमेनमध्ये मरण पावला, आणि त्याची टिपणे कार्स्टन नीबूर या त्याच्या सहकाऱ्याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. मोहिमेतून जिवंत परतलेला नीबूर हा एकटाच सदस्य होता. येमेनहून तो मुंबईला आला, वर्षाहून अधिक काळ तेथे राहिला आणि मग पश्चिम आशियातून खुष्कीच्या मार्गाने युरोपला परतला. बिन्नीचे शास्त्रीय नाव या टिपणांमुळेच टिकले.

लेबिओबार्बस हे वंशनाम मात्र नाईलच्या मुखाकडून नव्हे, तर तिच्या एका उगमाकडून आले. फ्रँकफर्टचा संशोधक एडुआर्ड रुपेल याने १८३०च्या दशकाच्या आरंभी इथिओपियाचा प्रवास केला आणि ताना सरोवरातील अनेक मोठ्या बार्बांची वर्णने प्रसिद्ध केली. जाड, मांसल ओठांच्या नेजिया या माशासाठी त्याने हा नवा वंश कल्पिला. पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज बूलेंजर याने आफ्रिकेतून येणाऱ्या नमुन्यांवरून नव्या जातींची भर घातली. आफ्रिकी बार्बांच्या खवल्यांवरील रेषा दोन प्रकारच्या असतात, हे त्याने हेरले: काहींच्या खवल्यांवर त्या समांतर धावतात, तर काहींच्या खवल्यांवर मध्यबिंदूपासून किरणांप्रमाणे फाकतात. समांतर रेषांचे मासे सहसा मोठे आणि फाकलेल्या रेषांचे सहसा लहान निघाले. भिंगाखाली पाहिलेल्या या साध्या खुणेमागे किती खोल भेद दडला होता, हे कळायला पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे लागली.

तो भेद गुणसूत्रांचा होता. पेशीच्या केंद्रकात आनुवंशिक द्रव्य वाहणाऱ्या धाग्यांना गुणसूत्रे म्हणतात. कार्प कुळातील बहुतेक माशांत ती सुमारे ५० असतात, आणि आफ्रिकेतील लहान बार्बांतही तेवढीच आहेत. १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या बार्बांत, आणि १९९३ मध्ये गोलुब्त्सोव्ह व क्रिसानोव्ह या रशियन संशोधकांना इथिओपियातील मोठ्या बार्बांत, ही संख्या १४८ ते १५० असल्याचे आढळले. म्हणजे हे मासे षड्गुणित आहेत. सामान्य प्राण्यात गुणसूत्रांचे दोन संच असतात, तेथे यांच्यात सहा आहेत. अशी वाढ बहुधा दोन वेगळ्या वंशांच्या संकरातून होते आणि येथेही तेच घडलेले दिसते. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनुसार या माशांच्या मातृपक्षाला महसीर माशांच्या, म्हणजे टोर वंशाच्या, चतुर्गुणित पूर्वजांची परंपरा आहे, तर पितृपक्ष पश्चिम आशियात आढळणाऱ्या सिप्रिनियॉन या द्विगुणित वंशाच्या जवळचा आहे. अरबस्तान आणि तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यातही षड्गुणित नातलग आढळतात, त्यामुळे हा संकर आशियाच्या पश्चिम भागात होऊन त्याचे वंशज आफ्रिकेत पसरले, हे चित्र सर्वांत सुसंगत वाटते. कर्नल सायक्स याने पुण्याजवळ मुळा-मुठेच्या पाण्यातील ज्या महसीराचे वर्णन १८३९ मध्ये केले, त्याच्याशी आफ्रिकेतील या माशांचे नाते त्यामुळे केवळ बाह्य साम्याचे राहत नाही. ते आईकडून आलेले रक्ताचे नाते ठरते.

या माशांची ओळख पटवण्यातील खरी अडचण त्यांच्या तोंडात आहे. वर्गीकरणासाठी माशांच्या तोंडाची ठेवण विश्वासार्ह खूण मानली जाते, पण लेबिओबार्बसमध्ये नेमका तोच भाग सर्वाधिक बदलतो. काही माशांचे ओठ पातळ असतात, तर काहींचे रबरासारखे जाड व लोंबते असून दगडांच्या फटींतील अळ्या शोषून घेताना फटीवर घट्ट बसतात. काहींच्या खालच्या जबड्याला शिंगासारख्या द्रव्याची धारदार कड असते आणि तिने ते खडकावरचे शेवाळ खरवडतात. अशा खरवडणाऱ्या माशांसाठी पूर्वी व्हेरिकोऱ्हायनस हा स्वतंत्र वंश मानला जाई. परंतु ही कड आफ्रिकेच्या वेगवेगळ्या नद्यांत स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा उत्पन्न झाल्याचे दिसू लागले. २०१६ मध्ये व्रेव्हेन आणि सहकाऱ्यांनी या समूहाच्या गोंधळलेल्या इतिहासाचा सविस्तर आढावा घेऊन आफ्रिकेतील खरवडणारे मासेही लेबिओबार्बसमध्येच सामावले, आणि हा वंश सुमारे १२५ जातींचा झाला. हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे, कारण खाण्याच्या सवयीतून आलेले साम्य आणि वंशावळीतून आलेले साम्य यांची गल्लत त्यामुळे थांबली. तरीही एकाच नदीत पातळ ओठांचे, जाड ओठांचे आणि खरवडणारे मासे एकत्र सापडले, तर त्यांना तीन जाती म्हणायचे की एका जातीची तीन रूपे, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

या प्रश्नाची सर्वांत कठीण आणि सर्वांत बोधप्रद कसोटी ताना सरोवरात लागली. इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशात समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर असलेले, ३,००० चौरस किलोमीटरहून अधिक विस्ताराचे हे सरोवर लाव्हाच्या थराने नदी अडल्यामुळे बनले. विस्तार मोठा असला तरी ते उथळ आहे. त्याची सरासरी खोली सुमारे ८ मीटर, तर सर्वाधिक खोली १४ मीटरच्या आसपास आहे. तेथून निघणारी अबाय, म्हणजेच निळी नाईल, सुमारे ३० किलोमीटरवर तिस अबाय धबधब्याच्या रूपाने ४० मीटर खाली कोसळते. त्यामुळे खालच्या नाईलमधील मासे वर चढू शकत नाहीत आणि सरोवरातील मासे वेगळे पडले आहेत.

रुपेलनंतर इटालियन अभ्यासकांनी ताना सरोवरातील बार्बांच्या रूपांना इतकी नावे दिली की त्यांचा वापर करणेच अशक्य झाले. त्यावर उपाय म्हणून कीथ बॅनिस्टर याने १९७३ मध्ये पूर्व व मध्य आफ्रिकेतील मोठ्या बार्बांची पुनर्मांडणी केली आणि ५०च्या आसपास नावे बार्बस इंटरमीडियस या एका बदलत्या जातीत विलीन केली. संग्रहालयात जतन केलेल्या, मद्यार्कात रंग उडालेल्या नमुन्यांच्या आधारे याहून वेगळा निष्कर्ष काढणे खरोखरच कठीण होते, आणि नावांच्या निष्काळजी पैदाशीला तो संयमी उतारा होता. परंतु या विलीनीकरणाचा परिणाम असा झाला, की सरोवरात पाहण्यासारखे काही वेगळे आहे, हेच जवळजवळ वीस वर्षे विस्मरणात गेले.

१९९०च्या दशकात नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या लिओ नाखेल्केर्के आणि फर्डिनांड सिबिंग यांनी सरोवरकाठी राहून, ताज्या माशांवर काम सुरू केले. सरोवरातील मच्छीमार अनेक रूपे वेगळी ओळखत होतेच. या अभ्यासकांनी शरीराची मापे, अन्न, सरोवरातील वावर आणि विणीची जागा अशा निकषांवर ती रूपे तपासली, आणि १९९४ मध्ये हा विस्मृतीत गेलेला जातिपुंज असल्याचे मांडले. एका पूर्वजापासून एकाच बंदिस्त पाण्यात निर्माण झालेल्या अनेक जवळच्या जातींच्या समूहाला जातिपुंज म्हणतात. २००० साली ओसेएन्सिस या नव्या जातीच्या वर्णनासह त्यांनी १५ जातींची मांडणी केली. तिच्या बाजूने उभा राहणारा सर्वांत भक्कम पुरावा विणीचा होता.

वलगण, म्हणजे पहिल्या पावसाच्या पुराबरोबर माशांनी उलट्या प्रवाहात चढून विणीसाठी ओढ्यांत व शेतांत शिरणे, हा प्रकार कोकणात परिचित आहे. ताना सरोवरात हे स्थलांतर जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसानंतर सुरू होते. गुमारा, रिब, मेगेच, गिल्गेल अबाय यांसारख्या नद्यांच्या मुखाशी मासे जमतात, मुख्य प्रवाहातून वर जातात आणि लहान उपनद्यांच्या स्वच्छ, प्राणवायूयुक्त, वाळू-खड्यांच्या तळावर अंडी घालतात. गाळाने खड्यांच्या फटी बुजल्या, तर अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. म्हणून मासे गढूळ मुख्य नदीत न थांबता निवळ ओढ्यांत शिरतात. १५पैकी ७ जाती अशा रीतीने नद्यांत वितात. त्या सगळ्या एकाच वेळी येत नाहीत. एकीचा भर ओसरताना दुसरीचा वाढतो, आणि ओढेही काही अंशी वेगळे निवडले जातात. उरलेल्या ८ जाती विणीच्या काळात नद्यांत आढळल्या नाहीत, त्यामुळे त्या सरोवरातच अंडी घालत असाव्यात असे अनुमान केले गेले. केवळ दिसण्यात भिन्न असलेल्या एका जातीच्या रूपांनी विणीचा काळ आणि जागा इतक्या काटेकोरपणे वाटून घेतली असती, हे संभवत नाही.

दुसरा पुरावा आहाराचा आहे. जैवविज्ञानाच्या दृष्टीने हा या माशांच्या कहाणीतला सर्वांत विलक्षण भाग आहे. कार्प कुळातील माशांच्या जबड्यात दात नसतात. त्यांचे दात घशात असतात, आणि पोटाची वेगळी पिशवीही त्यांना नसते. शिकार पकडून धरायला दात नाहीत आणि मोठा घास साठवायला जठर नाही. अशा शरीराचा मासा मासेखाऊ होणे जगभर विरळ आहे, पण तानाच्या १५ जातींपैकी ८ जाती प्रामुख्याने मासे खातात. त्या शिकार ओढून घेतात ती तोंड झपाट्याने पुढे काढून निर्माण केलेल्या शोषणाने. मात्र घशातील दातांमधली फट अरुंद असल्याने त्यांना लहान मासेच गिळता येतात, आणि सरोवरातील लहान बार्ब हेच त्यांचे मुख्य भक्ष्य आहे. मेगास्टोमा हा मोठ्या तोंडाचा मासा पाठलाग करून शिकार करतो, तर कुबडदार दाइनेली दबा धरून बसतो. ब्रेव्हिसेफॅलस उघड्या पाण्यातील सूक्ष्म प्राणी गाळून खातो, सुर्किस वनस्पतींवर जगतो, आणि गोर्गोरेन्सिस वनस्पतींबरोबर शिंपले-गोगलगायीही फोडतो. ज्या भक्षक मत्स्यकुलांनी इतर आफ्रिकी सरोवरांत या जागा व्यापल्या आहेत, ती धबधब्यामुळे येथे पोहोचलीच नाहीत. मोकळ्या राहिलेल्या त्या जागा बार्बांनी घेतल्या, हे मार्टिन दे ख्राफ यांनी पुढील संशोधनात दाखवले.

जनुकांची साक्ष मात्र एवढी स्वच्छ नाही, आणि त्यामुळेच वाद पूर्णपणे मिटलेला नाही. सरोवराच्या तळातील गाळाच्या अभ्यासावरून, ताना सुमारे १७ हजार वर्षांपूर्वी कोरडे पडले होते आणि सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी पुन्हा भरून वाहू लागले, हे २००७ मध्ये स्पष्ट झाले. मासे या काळात एखाद्या नदीत तगून राहिले असतील. पण सरोवराशी जुळवून घेतलेल्या १५ जाती त्यानंतर घडल्या असल्या, तर हा काळ उत्क्रांतीच्या मापाने क्षणभराचा आहे. म्हणूनच मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या, डीएनएचे प्रकार अनेक जातींत समान आढळतात. मिखाईल मिना यांच्यासारख्या रशियन अभ्यासकांनी या रूपांना जाती म्हणण्याबाबत अधिक सावध भूमिका घेतली आणि कवटीच्या वाढीतील फरकांवर भर दिला. पिल्लांच्या वाढीत थायरॉइड संप्रेरकाचे प्रमाण बदलले, तर शरीराच्या ठेवणीत मोठे फेरफार होतात, हे त्याच परंपरेतील प्रयोगांनी दाखवले आणि इतके वैविध्य इतक्या थोड्या काळात कसे आले असेल, याचा एक संभाव्य मार्ग सुचवला. दोन्ही बाजूंचा पुरावा एकत्र पाहिल्यास, ताना सरोवरात जाती बनण्याची क्रिया खूप पुढे गेली आहे, पण सर्वत्र सारखी पूर्ण झालेली नाही, असे म्हणणे अधिक रास्त ठरते. विणीचे वेगळेपण असलेल्या रूपांना जातीचा दर्जा नाकारण्यासाठी केवळ डीएनएतील अल्प अंतर हे कारण पुरेसे नाही.

ताना हा अपवाद आहे, सरोवराबाहेर असे घडत नाही, ही समजूतही आता टिकत नाही. बोरिस लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये इथिओपियातील गेनाले, दिदेसा, गोजेब आणि सोरे या नद्यांतील बार्बांची तुलना प्रसिद्ध केली. परस्परांपासून तुटलेल्या या नद्यांत सर्वसाधारण तोंडाचा, खरवडणारा, जाड ओठांचा आणि मासेखाऊ असे तेच ते प्रकार स्थानिक पातळीवर पुन्हा घडले आहेत. नदीत पाणी सतत वाहते, वस्तीस्थाने मिसळतात, म्हणून तेथे एका वंशातून अनेक रूपे सहसा फुटत नाहीत, असे मानले जाई. सहा संच गुणसूत्रांमुळे या माशांकडे बदलाला वाव देणारा जनुकीय साठा मोठा असावा, हा विचार त्यामुळे बळावला आहे.

दक्षिण आफ्रिकेत याच वंशातील माशांना यलोफिश म्हणतात. ऑरेंज-व्हाल नदीसंस्थेत दोन जाती आहेत: विल्यम बर्चेल याने १८२२ मध्ये वर्णन केलेला लहान तोंडाचा एनियस, आणि गिल्क्रिस्ट व थॉम्प्सन यांनी १९१३ मध्ये वर्णन केलेला मोठ्या तोंडाचा किंबर्लेएन्सिस. दुसरा मासेखाऊ असून २२ किलोग्रॅमपर्यंत वाढतो, पण फार सावकाश. मादी विण्यायोग्य होण्यास सुमारे ८ वर्षे लागतात. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून या दोन्ही जाती स्पष्टपणे वेगळ्या काढता येत नाहीत. तरीही त्यांचे तोंड, आहार आणि वाढीचा वेग इतके भिन्न आहेत की कोणताही अनुभवी गळकरी त्यांना एक म्हणणार नाही. तानातला पेच येथे दोनच जातींपुरता पण तसाच उभा राहतो. गळाने धरलेला यलोफिश परत पाण्यात सोडण्याची पद्धत रुजवण्यात तेथील हौशी मच्छीमारांचा वाटा मोठा आहे. मात्र धरणे, बोगदे आणि औद्योगिक सांडपाणी यांवर गळकऱ्यांचा संयम पुरा पडत नाही. १९७५ मध्ये ऑरेंजचे पाणी ग्रेट फिश नदीकडे नेणारा ८२ किलोमीटरहून लांब बोगदा सुरू झाला, आणि एनियस आपल्या मूळ खोऱ्याबाहेर पोहोचला. व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातील आल्टियानालिस हा मोठा बार्बही विणीसाठी नद्या चढतो, आणि नदीमुखांवर लावलेल्या जाळ्यांचा फटका त्यालाही बसला आहे.

ताना सरोवरात हे नुकसान सर्वांत स्पष्ट दिसले. १९८६पर्यंत तेथील मासेमारी मुख्यतः पपायरसच्या लव्हाळ्यांच्या होड्यांतून, काठाजवळ होत असे. त्या वर्षी परदेशी साहाय्याने मोटारबोटी आणि नायलॉनची गिलनेट, म्हणजे माशाचे डोके आत शिरून कल्ले अडकतील अशा आसांची जाळी, आली. भरभराटीचा हा मार्ग लवकरच विणीच्या वाटेवर येऊन थांबला, कारण गाभोळीने भरलेले मासे नदीमुखाशी एकवटतात तेव्हा सर्वांत कमी कष्टात सर्वांत जास्त मासळी मिळते. १९९१ ते २००१ या दशकात मोठ्या बार्बांचे वजनी प्रमाण सुमारे तीन चतुर्थांशाने घटल्याचे दे ख्राफ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नोंदवले. पिल्लांची संख्याही कोसळली, आणि त्यावरून घट नैसर्गिक चढउताराची नसून वीणच फसत असल्याचे सूचित झाले. पुढे वाळूउपसा, शेतीसाठी पाणीउपसा, रिब नदीवरील धरण आणि २०११पासून पसरलेली जलपर्णी यांनी ओढे आणि काठ दोन्ही घेरले. सरोवर परिसराला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत स्थान मिळाले, पण नदीमुखावरची जाळी त्याने आपोआप उचलली जात नाहीत. फिलिपाइन्समधील लानाओ सरोवरात कार्प कुळाचा असाच एक जातिपुंज होता; आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० मध्ये त्यातील १५ जाती नामशेष झाल्याचे घोषित केले. मोठ्या सरोवरातील असा जातिपुंज आता तानापुरताच उरला आहे, ही जाणीव त्यामुळे तीव्र होते.

या टप्प्यावर जातींचा प्रश्न थेट बाजाराला भिडतो. तानाच्या काठावर हे सर्व मासे नेच आसा, म्हणजे पांढरी मासळी, या एका नावाने विकले जातात, आणि उताऱ्याच्या नोंदींतही तिलापिया, मांगूर आणि बार्ब असे तीनच रकाने असतात. नदीत विणाऱ्या ७ जातींचे प्रमाण घसरत असताना सरोवरात राहणाऱ्या एखाद्या जातीची आवक वाढली, तर एकत्रित आकडा काही काळ समाधानकारक दिसत राहतो. बॅनिस्टरच्या एकजातीय मांडणीला विज्ञानात पर्याय मिळाला, पण नोंदवहीत ती अद्याप जिवंत आहे.

महाराष्ट्रातील महसीराच्या अनुभवातून याची दुसरी बाजू दिसते. लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकापासून दख्खनी महसीराची कृत्रिम वीण करून बोटुकली देशभर पाठवली गेली. या नातलगाला वाचवण्याचे हे मोलाचे काम होते. परंतु कावेरीतील कुबडदार महसीर ही वेगळी जात असल्याचे शास्त्रीय नावानिशी २०१८ मध्ये निश्चित होईपर्यंत, तिच्या नदीत बाहेरच्या महसीराची बोटुकली अनेक वर्षे सोडली गेली होती, आणि मूळ जात अतिसंकटग्रस्त झाली होती. मोठ्या बार्बांची कृत्रिम पैदास युगांडासह आफ्रिकेत काही ठिकाणी आता साध्य झाली आहे. ती बोटुकली कोणत्या नदीत सोडावी, हे ठरवण्यापूर्वी त्या नदीत आधी कोणती रूपे आहेत, ती कोठे वितात आणि कशावर जगतात, याची नोंद आवश्यक ठरते. ताना सरोवरासाठी तर पैदास केंद्राहून अधिक तातडीच्या मागण्या दोन आहेत: ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात नदीमुखांवर आणि गुमारासारख्या नद्यांत जाळी बंद ठेवणे, आणि उतरलेल्या मासळीची जातवार नोंद करणे.